नगर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलात एमए केल्यावर मी नगर नियोजनाच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. तेव्हापासून दर वर्षी निकालाच्या सुमारास विद्यार्थ्यांचे, कधी त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. पात्रतेचे नियम, फी आणि तारखा बदलत राहतात. त्या मात्र संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच बघा.

नगर नियोजन म्हणजे इमारतींची रचनाच ना? आर्किटेक्चरपेक्षा यात वेगळं काय?

एका प्लॉटवर काय उभं राहील, हे आर्किटेक्ट ठरवतो. त्या प्लॉटपर्यंत रस्ता कुठून येईल, जवळपास शाळेसाठी जागा ठेवायची का, नाल्यापासून किती अंतर सोडायचं, कोणत्या शेतांवर पुढची वीस वर्षं बांधकाम होऊ द्यायचं नाही आणि या सगळ्याचा पैसा कुठून येणार, हे प्रश्न नियोजनकाराच्या वाट्याला येतात. यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीबद्दल असतो. या शाखेत येणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून मनात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच जाणिवेतून लिहिली आहेत.

महाराष्ट्रात हे काम 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार चालतं. लोक ज्याला 'डीपी' म्हणतात तो शहराचा विकास आराखडा याच कायद्याखाली तयार होतो आणि साधारण वीस वर्षांनी त्याची सुधारणा करावी लागते.

मी बीए किंवा एमए आहे. मला प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो, पण सगळीकडे नाही. बऱ्याच सरकारी संस्थांमध्ये आर्किटेक्चर, प्लॅनिंग किंवा सिव्हिलची पदवी चालते आणि भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांच्या विद्यार्थ्यांकडे मात्र पदव्युत्तर पदवी मागितली जाते. म्हणजे नुसत्या बीएवर काही दारं बंद राहतात आणि एमएवर ती उघडतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षात असाल तर आत्ताच चारपाच संस्थांची माहितीपत्रकं समोर ठेवून पात्रतेचा रकाना नीट वाचा.

भूगोलवाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. जनगणनेत 'सेन्सस टाउन' नावाचा एक वर्ग असतो. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशी ही वस्ती. तिथे कारभार ग्रामपंचायतीचाच असतो. नगरपालिका नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आराखडाही नाही. इमारती मात्र चार मजल्यांच्या आणि सांडपाणी उघड्यावर. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांच्या कडेला अशा वस्त्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्या कशा वाढतात हे समजायला लोकसंख्येचा, स्थलांतराचा आणि पाणलोटाचा अभ्यास लागतो, आणि तो तुमच्याकडे आधीपासून असतो. चित्रकला चांगली नसली तरी चालतं. मोजपट्टीने स्वच्छ नकाशा काढता आला म्हणजे पुरे.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बांधकाम सोडून इकडे येणं शहाणपणाचं आहे का?

शिरीष पटेल यांचं उदाहरण सांगते. ते सिव्हिल इंजिनिअर होते आणि १९६५ साली झालेला मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांच्या नावावर आहे. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या आर्किटेक्टांबरोबर त्यांनी मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे वाट काढून देण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि तिच्या सुरुवातीच्या नियोजनात पटेल स्वतः होते. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते यांचं गणित तुम्हाला येत असेल तर स्टुडिओत, म्हणजे गटाने एखाद्या गावाचा प्रत्यक्ष अभ्यास करायच्या तासांत, तुमची गरज सगळ्यांना पडेल. तुम्हाला जास्त कष्ट पडतील ते लोकांशी बोलण्यात आणि लिहिण्यात.

कोणत्या संस्था बघाव्यात?

पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात नियोजनाचे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंगमध्ये एमटेक करता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नागरी धोरण आणि शासनव्यवस्थेचा अभ्यासक्रम आहे. त्याने नियोजनकाराची तांत्रिक पदवी मिळत नाही, पण नगरपालिकांचा पैसा, घरांचा प्रश्न, लोकांचे हक्क यांत ज्यांना रस आहे त्यांनी तो जरूर बघावा.

राज्याबाहेर दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर सर्वांत जुन्यांपैकी; २००८ मध्ये भोपाळ आणि विजयवाडा इथेही तशा संस्था निघाल्या. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी रुडकी इथे मास्टर्स आहे. अहमदाबादच्या सेप्टमध्ये नियोजनाचं शिक्षण १९७२ पासून चालू आहे. तिथली फी सरकारी संस्थांच्या मानाने बरीच जास्त आहे, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा.

संस्था निवडताना क्रमवारीपेक्षा मी तीन गोष्टी विचारायला सांगते. गेल्या दोन वर्षांत स्टुडिओने कोणत्या गावांचा अभ्यास केला? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष आराखड्यावर काम केलं आहे? आणि फील्डवर्कचा खर्च कोण करतं? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण दोन आठवड्यांचा प्रवास आणि मुक्काम खिशातून करायचा झाला तर साध्या घरच्या मुलामुलींना तो फार जड जातो.

गेट परीक्षा द्यायलाच हवी का?

गेट ही तंत्रशिक्षणाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. आयआयटी आणि एनआयटीसाठी ती बहुतेक हवीच. 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग'च्या पेपरमध्ये एक भाग सगळ्यांना समान असतो आणि दुसऱ्या भागात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांतला एक विषय निवडता येतो. गुण तीन वर्षं चालतात. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची योजना आहे. घरून पैसे येण्याची शक्यता नसेल तर एवढ्या एका कारणासाठीही ही परीक्षा मनापासून द्या.

प्रवेशाआधी काय वाचू?

आपल्या गावाचा विकास आराखडा. पुस्तकांची यादी मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

नगरपालिकेच्या नगररचना विभागात तो बघायला मिळतो. बऱ्याच ठिकाणी आता वेबसाइटवरही असतो. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा आणि मोकळ्या जागांचा, हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा बोलायला लागतो. त्यावर आरक्षणांचे, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांचे, क्रमांक असतात: प्राथमिक शाळा, खेळाचं मैदान, भाजी मंडई, दवाखाना, वाहनतळ. यांतली चारपाच आरक्षणं निवडा आणि प्रत्यक्ष जागेवर जा. कुठे मैदान झालेलं असतं आणि संध्याकाळी तिथे पोरं खेळत असतात. कुठे मैदानाच्या जागी पत्र्याच्या घरांची दाट वस्ती असते आणि नकाशा काढला त्या आधीपासून ती माणसं तिथे राहत असतात. कुठे मालकाने कुंपण घातलेलं असतं आणि तो विचारतो, तुम्ही नगरपालिकेतून आलात का? त्याच्याशी बोला. त्याने किती वर्षं वाट पाहिली, किती खेटे घातले, ते ऐका.

मग आराखड्याचा अहवाल वाचा. लोकसंख्येचा अंदाज किती धरला होता आणि पुढच्या जनगणनेत प्रत्यक्ष किती निघाली, ते ताडून बघा. त्यानंतर २०२०च्या डिसेंबरमध्ये राज्यभरासाठी आलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली चाळा (मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं तिच्यातून वगळलेली आहेत). चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं), टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणं), समासातली अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळणारी उंची हे सगळं तिच्यात आहे. पहिल्या वाचनात निम्मं कळणार नाही. तेवढंही पुरेसं असतं.

'आधी पाहणी, मग आराखडा' हा आग्रह या विद्येत फार जुना आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. रस्ता रुंद करायचा म्हणून अख्खी आळी पाडणाऱ्या त्या काळच्या पद्धतीला त्याचा ठाम विरोध होता. गल्लीगल्लीतून हिंडायचं, पडीक तेवढंच काढायचं, विहीर आणि झाड वाचवायचं आणि हवा खेळायला जागा करायची, असं तो सांगत असे. होळकरांच्या इंदुरात प्लेगचे दिवस असताना त्याने दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि ज्या रस्त्यावरची घरं लोक सर्वांत स्वच्छ करतील त्या रस्त्याने ती जाईल, असं जाहीर केलं. घरं झाडली गेली, कचरा उचलला गेला आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचं आणि प्लेगच्या उंदराचं दहन झालं. लोकांना बरोबर घेऊन शहर सुधारण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दोन वर्षांत नेमकं काय करावं लागतं?

चार सत्रं असतात. नियोजनाचा इतिहास, लोकसंख्याशास्त्र, वाहतूक, घरबांधणी, पायाभूत सेवा, पर्यावरण, कायदा आणि नगरपालिकांचा अर्थसंकल्प हे विषय वर्गात होतात. मध्ये उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटच्या सत्रात प्रबंध.

पण खरं शिक्षण स्टुडिओत होतं. दहापंधरा जणांचा गट एखाद्या प्रभागाचा, छोट्या शहराचा किंवा तालुक्याचा अभ्यास घेतो. आधी विद्यमान भूवापराची पाहणी: घराघरापुढे उभं राहून तळमजल्यावर काय, वरच्या मजल्यावर काय, वापर कशाचा, ते नकाशावर भरायचं. मग वाहनांची मोजणी, कुटुंबांच्या मुलाखती, बाजार आणि रुग्णालयांच्या भेटी. कधी जायचं यावरही उत्तर बदलतं. नळाला पाणी येतं त्या वेळी वस्तीत गेलात तर दाब किती, रांग किती, भांडी कोण भरतं हे दिसतं. दुपारी दोनला गेलात तर फक्त कोरडा नळ दिसतो. मालेगावसारख्या गावात एकाच छताखाली घर आणि यंत्रमाग असतो. तो चौकोन पिवळा रंगवायचा की जांभळा, यावर स्टुडिओत तास घालवता येतो, आणि तो घालवावा, कारण त्या रंगावर उद्या कोणाची तरी रोजीरोटी ठरते.

शेवटी सगळं परीक्षकांपुढे मांडायचं असतं. ते कडक बोलतात. मनाला लावून घेऊ नका, मुद्दा मात्र लिहून घ्या.

मुलींना फील्डवर्क झेपतं का? (हा प्रश्न बहुधा वडील विचारतात.)

काका, झेपतं. घरात जाऊन बायकांशी बोलायचं काम मुलीच नीट करू शकतात आणि त्याशिवाय पाहणी अर्धी राहते. अंधाऱ्या रस्त्याने कोण घरी येतं, सार्वजनिक शौचालय रात्री का वापरता येत नाही, पाळणाघर नसल्यामुळे कोणी काम सोडलं, ही माहिती पुरुष कुटुंबप्रमुखाकडून येत नाही. जोडीने जावं, ओळखपत्र जवळ ठेवावं, स्थानिक नगरसेवकाला किंवा पोलीस चौकीत आधी सांगून ठेवावं. मुलांनीही हेच करावं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. इंग्रजी कच्चं आहे. टिकेन का?

पहिलं सत्र अवघड जाईल. व्याख्यानं, पुस्तकं, सादरीकरण सगळं इंग्रजीत असतं. रोज दोन पानं वाचून त्यांचा सारांश इंग्रजीत लिहायची सवय आत्तापासून लावा. बोलणं त्याच्या मागोमाग सुधारतं.

पण दुसरी बाजूही बघा. महाराष्ट्रात जमिनीचे सगळे कागद मराठीत आहेत: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला. आराखड्यावरच्या हरकती मराठीत येतात आणि सुनावणी मराठीत होते. गावठाण म्हणजे काय, पोटखराबा कशाला म्हणतात, वहिवाटीचा रस्ता नकाशावर नसला तरी तो का महत्त्वाचा, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. उत्तम गुणांनी आलेल्या विद्यार्थ्यांना सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचता येत नाही आणि कुळाचं नाव त्यांच्या नजरेतून सुटतं, हे मी पाहिलं आहे. ही नजर तुमच्याकडे असेल तर ती दडवू नका. अहवालात तिला जागा द्या.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

क्यूजीआयएस. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि आपल्या तालुक्याची जनगणनेची आकडेवारी नकाशावर भरायला शिकलात तरी पहिल्या सत्राचं बरंच काम हलकं होतं. जोडीला एक्सेल आणि कामापुरतं ऑटोकॅड. बाकीचं तिथे गेल्यावर येतं.

प्रबंधाचा विषय कसा निवडायचा?

जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊ शकाल अशा जागेचा घ्या. परदेशातल्या महानगरांशी तुलना करणारे विषय ऐकायला छान वाटतात, पण माहिती मिळवताना दम निघतो.

सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगारांच्या आणि असंघटित कामगारांच्या हजारो घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तिथून रोज शहरात कामाला जाणाऱ्यांचा प्रवास, वेळ आणि भाडं हा एक उत्तम विषय आहे. सांगली-कोल्हापुरात २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर निळ्या आणि लाल पूररेषेचा प्रश्न ऐरणीवर आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत आधीपासून राहणाऱ्यांचं काय करायचं, याचं उत्तर अजून कोणीतरी शोधायचं आहे. आषाढीला पंढरपुरात काही दिवसांसाठी जे शहर उभं राहतं त्याचं पाणी, शौचालयं आणि रस्ते यांवरही बारकाईने काम करता येईल.

नोकरी मिळते का?

गरज मोठी आहे, पदं त्या मानाने कमी. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांमध्ये देशभरात १२,००० हून अधिक नियोजनकार हवेत. मंजूर पदं ४,००० पेक्षाही कमी आहेत आणि त्यांतलीही ४२ टक्के रिकामी. त्याच अहवालात म्हटलं आहे की देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना आराखडाच नाही. मला या आकड्यांचा राग येतो, कारण शिकलेली मुलं घरी बसून असतात आणि गावं आराखड्याविना वाढत असतात.

महाराष्ट्रात नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाची रचना सहायक, सहायक नगररचनाकार, नगररचनाकार अशी पदं आहेत. जाहिरात आली की पात्रता नीट वाचा. बऱ्याच पदांना सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नियोजनाची ठरावीक पदवी लागते. भूगोलातून आलेल्यांनी हे प्रवेशाआधीच तपासावं, कारण मास्टर्स केल्यावरही मूळ पदवीमुळे एखाद्या पदासाठी अर्ज करता येत नाही, असं होऊ शकतं. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या १९५१ पासूनच्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व मात्र वेळेत घ्या. खाजगी सल्लागार कंपन्यांत ते विचारलं जातं. सल्लागार कंपन्या, विकास प्राधिकरणं, वाहतूक आणि घरबांधणीवर काम करणाऱ्या संस्था, संशोधन या बाकीच्या वाटा.

परदेशात जावं का?

शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर जा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मोठं कर्ज काढून जाणार असाल तर आधी इथे एकदोन वर्षं काम करा. आपल्या शहराचा प्रश्न हातात असला म्हणजे तिथे कोणत्या प्राध्यापकाकडे काय शिकायचं ते कळतं.

राजकीय दबाव फार असतो म्हणतात. प्रामाणिक माणसाने यात यावं का?

यावं. दबाव असतो हे खरं, कारण पिवळ्या आणि हिरव्या रंगात जमिनीची किंमत कितीतरी पटींनी बदलते. पण कायद्याने लोकांच्या हातात काही दिलेलं आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यावी लागते. २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला निघाला. हजारो हरकती आल्या, राज्य सरकारने तो नव्याने करायला सांगितलं आणि सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. त्या हरकती लिहिणाऱ्यांमध्ये सामान्य रहिवासी होते आणि नियोजन शिकलेली माणसंही होती. हरकत नीट लिहायला मदत करणं हेसुद्धा या पदवीचं काम आहे. आणि खात्यात असाल तेव्हा प्रत्येक बदलाचं कारण फाइलवर लिहा.

आमची स्वतःची जमीन आरक्षणात गेली आहे. घरचे म्हणतात, ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच काम शिकणार का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलांनी या क्षेत्रात यायलाच हवं.

नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईजवळ दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना त्या लढ्याची देणगी आहे. नवी मुंबईचे रुंद रस्ते आणि नोडची (छोट्या स्वतंत्र उपनगरांची) रचना शिकताना हे रक्तही शिकवलं गेलं पाहिजे.

जमीन घेण्याची दुसरी पद्धतही आपल्याच कायद्यात आहे: नगररचना योजना. सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपात त्यालाच परत द्यायची. कोणी एकटा भूमिहीन होत नाही. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही सोय आहे. गुजरातने ती नेटाने चालवली आणि अहमदाबादच्या सरदार पटेल रिंग रोडची जमीन तिच्यातून उभी केली. आपल्याकडे मधली कित्येक वर्षं ती मागे पडली. तिच्यातही त्रुटी आहेत: लहान तुकड्याचा मालक, कूळ आणि बांधावर राहणारा मजूर यांच्या वाट्याला काय येतं, ते बारकाईने बघावं लागतं. ते बघायला त्या घरांतून आलेली माणसं हवीत.

आणि घरच्या जमिनीचं म्हणाल, तर वर सांगितलेल्या १९६६च्या कायद्याचं कलम १२७ वाचा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक 'ती विकत घ्या' अशी खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं मानलं जातं. नोटिशीबरोबर मालकीचे कागद जोडावे लागतात, म्हणून आधी सातबारा अद्ययावत करून घ्या, वारसांच्या नोंदी लावून घ्या आणि मसुदा वकिलाला दाखवा. नोटीस पोचल्याचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा, कारण ते चोवीस महिने त्याच तारखेपासून मोजले जातात.